शिरगणती आणि अर्धे नाणे

दिंडीचा मुक्काम पडतो, पंगत उठते, आणि मग कोणी तरी वडीलधारा माणूस हातात बॅटरी घेऊन राहुटीतून फिरतो. निजलेली माणसे तो एकेक करून मोजतो. "एक कमी भरतोय," असे तो म्हणाला, की सगळी राहुटी उठून बसते. दुसऱ्या दिवशी वाटेत कोणी ओळखीचा भेटतो आणि विचारतो, "काय माऊली, यंदा किती माणूस तुमच्या दिंडीत?" मग आमच्यातलाच एखादा छाती काढून सांगतो, "चारशे!" असतात साडेतीनशे. माणसे तीच, पण रात्रीची मोजणी निराळी आणि सकाळची निराळी, हे कोणालाही कळते. हा निराळेपणा कशात आहे? माणसे मोजण्यात दोष आहे काय? असल्यास केव्हा आहे आणि केव्हा नाही? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

ह्या प्रश्नाचा मोठा बारकाईने विचार यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात झालेला आहे. "त्यांचा ग्रंथ आपल्याला कशाला?" असे कोणी विचारील, तर हे लोक आपणांस अगदीच परके नव्हेत. कोकणात अलिबाग-पेणच्या बाजूला शेकडो वर्षे राहिलेले, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल हे यहुदीच. त्यांची बोली मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांनी आपल्या धर्मग्रंथातील आख्याने मराठी कीर्तनाच्या रूपाने सांगण्यास आरंभ केला. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ लोक इस्राएल देशात गेले, पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेले. तेव्हा शेजाऱ्याच्या घरातील शहाणपणाची गोष्ट ऐकावी, तशी ही ऐकावी.

यहुदी लोकांच्या मूळ ग्रंथाला तोराह म्हणतात. त्याचे पाच भाग. चौथ्या भागाचे हिब्रू नाव 'बमिदबार', म्हणजे 'अरण्यात'. मराठी बायबलात त्याच भागाला 'गणना' असे नाव दिलेले आहे, कारण त्यात दोन मोठ्या शिरगणत्या आहेत. कथा अशी, की याकोबाच्या घराण्यातील ७० माणसे दुष्काळात मिसर देशी गेली. तेथे वंश वाढला, पण पुढे ते सर्व गुलाम झाले. मोशेने त्यांना तेथून सोडवून सीनायच्या रानात आणले. बाहेर पडल्याच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, देवाने मोशेला आज्ञा केली की ह्या लोकांची मोजणी कर. वीस वर्षांचे आणि त्यांवरील, लढाईस जाण्याजोगे पुरुष मोजायचे. आकडा भरला ६,०३,५५०. सर्वांत मोठे कूळ यहूदाचे, ७४,६००. सर्वांत लहान मनश्शेचे, ३२,२००.

आता कोणी म्हणेल, ही तर फौजेची यादी झाली, ह्यात परमार्थ कोठे आला? आम्हांसही प्रथम तसेच वाटले. पण ह्या आज्ञेतील शब्द पाहावेत. मूळ हिब्रूत 'मोजा' असे सरळ म्हटलेले नाही; 'शिर उचला' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपण शिरगणती म्हणतो, त्यांच्याकडेही शिरच आहे. पण आपण शिर गणतो आणि ते शिर उचलायला सांगतात. काल-परवापर्यंत विटा थापणारा, मुकादमाच्या चाबकाखाली मान घातलेला गुलाम. त्याला समोर उभे करून त्याच्या कुळाचे आणि घराण्याचे नाव विचारायचे, आणि ते विचारताना त्याची मान वर करायची. मोजणीही नुसत्या आकड्याने नव्हे, तर नावानिशी करावी, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तेराव्या शतकात होऊन गेलेले रब्बी रामबान ह्यांनी ह्यावर एक सुंदर भाष्य केले आहे. ते म्हणतात की मोशे आणि अहरोन ह्यांच्यासमोर येऊन ज्याचे नाव उच्चारले गेले, त्याला त्या उच्चारानेच पुण्य आणि आयुष्य लाभले. थोर पुरुषाने आपणांस नावाने हाक मारली म्हणजे काय वाटते, हे वेगळे सांगायला नको.

पण 'शिर उचलणे' ह्या शब्दांना दुसरीही बाजू आहे. तोराहच्या पहिल्या भागात मिसरच्या राजाचे दोन चाकर तुरुंगात असतात, एक प्यालेबरदार आणि एक आचारी. तीन दिवसांत राजा तुझे शिर उचलील, असे योसेफ दोघांनाही सांगतो. प्यालेबरदाराचे शिर उचलले गेले ते त्याला पहिल्या जागी बसवण्यासाठी. आचाऱ्याचे उचलले गेले ते धडावेगळे करून त्याला टांगण्यासाठी. शब्द एकच. म्हणून जुन्या पंडितांनी इशारा देऊन ठेवला, की मोजणीने माणसाची मान वरही होते आणि मोजणीने मान जातेही. मोजणारा कोण आणि मोजतो कशासाठी, ह्यावर सारे आहे.

मोजणी करायची, पण तिच्यातील विष काढून टाकायचे, ह्यासाठी तोराहने एक युक्ती सांगितली आहे. माणसे मोजूच नयेत. प्रत्येकाने अर्धा शेकेल चांदी आणून द्यावी आणि ती चांदी मोजावी. असे केले म्हणजे मोजणीमुळे लोकांवर मरी येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. आपल्याकडे पायलीने धान्य मोजताना कित्येक गावी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, आणि घरातली पोरे बोटाने मोजू देत नाहीत. दृष्ट लागण्याचे भय सगळीकडे सारखेच. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी ह्यांनीही मोजलेल्या वस्तूवर वाईट दृष्टीचा अंमल चालतो, असेच कारण दिले आहे. पण अर्ध्या शेकेलात दृष्ट काढण्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

पहिली गोष्ट ही, की श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून जास्त द्यायचे नाही आणि गरिबाने कमी द्यायचे नाही. दान देताना ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे द्यावे, मंदिरासाठी सोने आणावे, रत्ने आणावीत, त्याला आडकाठी नाही. पण जेथे माणूस म्हणून जमेस धरायचे, तेथे सावकाराचा अर्धा आणि मेंढपाळाचाही अर्धाच. ढिगात पडल्यावर कोणाचे नाणे कोणते हे देवालाही विचारायची सोय ठेवली नाही!

दुसरी गोष्ट, अर्धेच का? पुरता शेकेल का नाही? काही भाष्यकार सांगतात की एकटा माणूस कधीच पुरा नसतो. तो आपला अर्धा आणतो. उरलेला अर्धा शेजाऱ्याच्या मुठीत असतो. मोजला जाताना प्रत्येकाला हे कळावे, की मी एक नव्हे, मी अर्धा आहे. आमच्या मते अहंकारावर ह्यापेक्षा स्वस्त औषध मिळणे कठीण.

तिसरी गोष्ट त्या चांदीचे पुढे काय झाले ही. तोराहने हा हिशेब दिलेला आहे आणि तो कोणीही पडताळून पाहावा. ६,०३,५५० माणसांचे अर्धे अर्धे शेकेल म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार. म्हणजे शंभर किक्कार, आणि वर १,७७५ शेकेल. त्या शंभर किक्कारांतून देवाच्या मंडपाखालच्या शंभर बैठका ओतल्या, आणि वरच्या शेकेलांतून खांबांच्या आकड्या झाल्या. एका बैठकीत सहा हजार माणसांची अर्धी नाणी वितळली. मंडप उभा राहिला तो ह्या बैठकांवर. वरचे सोने दिसत होते, रंगीत पडदे दिसत होते. खालची चांदी जमिनीला टेकलेली होती. मोजणीचा आकडा वर मिरवायला लावला नाही, पायाखाली घातला. हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

आणखी एक मोजणी पाहा. लेवीचे कूळ देवाच्या सेवेचे म्हणून त्याला फौजेच्या यादीतून वगळले आणि त्याची निराळी मोजणी केली. येथे वय वीस वर्षांचे नाही, एक महिन्याचे! महिन्याचे पोर ना ओझे उचलील, ना दिवा लावील. पण सेवेकऱ्यांत त्याची गणना आधीच झाली. पुढे ओझी वाहण्यासाठी तीस ते पन्नास वर्षांचे लेवी मोजले तेव्हा ते ८,५८० भरले. पण महिन्यापासूनचे सगळे धरून आकडा होता २२,०००. म्हणजे काम करणारा तेवढाच माणूस, असा हिशेब तोराहने केला नाही. ज्याच्या हातून अजून काहीच झालेले नाही, तोही खिजगणतीत आहे.

पहिल्या मोजणीनंतर सुमारे अडतीस वर्षांनी, यार्देन नदीच्या काठी, मवाबाच्या माळावर दुसरी मोजणी झाली. नुकतीच मरी येऊन २४,००० माणसे गेली होती. राशी म्हणतात, कळपात लांडगा शिरून गेला म्हणजे मेंढपाळ उरलेली मेंढरे मोजतो, तशी ही मोजणी होती. आकडा आला ६,०१,७३०, पहिल्यापेक्षा फक्त १,८२० नी कमी. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, विशेष काही घडले नाही. पण तोराह तेथेच थांबून सांगते की पहिल्या यादीतील माणसांपैकी कालेब आणि यहोशवा ह्या दोघांवाचून कोणी उरलेले नव्हते. सगळी पिढी रानात मातीला मिळाली. शिमोनाचे कूळ ५९,३०० वरून २२,२०० वर आले होते. बेरीज जवळपास तीच राहते आणि माणूस एकही राहत नाही. आकडा खोटे बोलत नाही, पण सगळे खरेही सांगत नाही.

ह्या दुसऱ्या यादीवरून प्रत्येक कुळाला जमीन वाटून द्यायची होती. यादी पुरुषांची. सलाफहाद नावाचा एक माणूस रानात मेला होता, त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या सरळ मोशेसमोर आणि सर्व मंडळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे असे, की बापाला मुलगा नाही एवढ्यावरून त्याचे नाव का पुसावे? आम्हांस वाटा द्या. मोशेने आपल्या मनाने निकाल दिला नाही, देवाला विचारले. आणि देवाने सांगितले की मुलींचे म्हणणे रास्त आहे. बाया आणि पोरे ह्या मोजणीत धरली नव्हती, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. पण जी नावे यादीबाहेर राहिली, त्यांनी येऊन हाक दिली तेव्हा यादीपुढे न्याय थांबला नाही.

आता उलट बाजू. ही कथा तोराहच्या पाच भागांत नाही, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दावीद राजा म्हातारपणाकडे झुकला होता, राज्य स्थिरावले होते. त्याच्या मनात आले, माझी प्रजा किती ते मोजावे. सेनापती यवाब हा काही साधुसंत नव्हता. पण त्यालाही हे रुचले नाही. देव प्रजा शंभरपट करो, पण धन्याला ही हौस कशाला, असे तो बोलला. राजाने ऐकले नाही. नऊ महिने वीस दिवस सरदार देशभर फिरले आणि आकडा घेऊन आले: इस्राएलचे ८,००,००० आणि यहूदाचे ५,००,००० तलवार धरणारे. आकडा हाती आला आणि राजाचे काळीज त्याला खाऊ लागले. पुढे तीन दिवसांची मरी आली आणि ७०,००० माणसे मेली.

दाविदाचे चुकले काय? मोशेने मोजले ते पुण्य आणि दाविदाने मोजले ते पाप, हे कसे? राशी म्हणतात, अर्धा शेकेल घेतला नाही म्हणून. रामबान आणखी एक कारण देतात, की मोजण्याचे काही कारणच नव्हते. मी एवढ्यांवर राज्य करतो, ह्या समाधानासाठी राजाने मोजले. आम्हांस हेच मर्म वाटते. मोशे दुसऱ्याची मेंढरे मोजत होता, धन्याला हिशेब देण्यासाठी. दावीद आपली म्हणून मोजत होता. आणि गंमत अशी, की हा दावीद मूळचा मेंढपाळच. मरीचा हाहाकार पाहिला तेव्हा त्याला ते आठवले. अपराध माझा, ह्या मेंढरांनी काय केले, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघाले. ह्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ देत नाही, आणि आम्हीही उगीच देऊ पाहत नाही. एवढे मात्र जगात नेहमी दिसते, की मोठ्यांच्या अहंकाराची किंमत लहानांनाच मोजावी लागते.

अरवना नावाच्या माणसाच्या खळ्यापाशी मरी थांबली. तेथे वेदी बांधायची म्हणून अरवना ते खळे आणि बैल फुकट देऊ लागला. राजाने घेतले नाही. मला ज्याची झळ लागली नाही ते मी देवाला वाहणार नाही, अशा भावनेने त्याने ५० शेकेल चांदी मोजून दिली. मोजणीने पाप केले होते, तेथे शेवटी स्वतःच्या गाठीचे मोजून दिले. पुढे त्याच जागी शलमोनाने मंदिर बांधले, असे इतिहासाच्या पुस्तकात आहे.

ह्या सगळ्यावरून यहुदी धर्मपंडितांनी तालमूद ग्रंथात नियम ठेवला, की धर्मकार्यासाठीसुद्धा इस्राएलाची माणसे मोजू नयेत. आजही सामुदायिक प्रार्थनेला दहा जण जमले की नाही हे पाहताना जुन्या वळणाचे लोक 'एक, दोन' म्हणत नाहीत. दहा शब्दांचे एक धर्मवचन म्हणतात आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवतात. १९४८ च्या नोव्हेंबरात नव्या इस्राएल राष्ट्राने शिरगणती केली. अशा सरकारी मोजणीवर धर्मपंडितांत वाद झाले. राज्यकारभाराला गरज आहे आणि कागद मोजले जातात, माणसे नव्हेत, म्हणून काहींनी संमती दिली. काहींनी दिली नाही.

हे भय नुसते भाबडे होते असे कोणी म्हणू नये. इ. स. ७० मध्ये रोमन फौजेने यरुशलेमचे मंदिर जाळले. त्या मंदिरासाठी दरसाल जो अर्धा शेकेल जाई, तेवढाच कर रोमने त्यानंतर यहुद्यांवर बसवला आणि तो आपल्या ज्युपिटर देवाच्या मंदिराकडे वळवला. ज्या नाण्याने मान वर होत होती, त्याच नाण्याने ती खाली घातली. आणि विसाव्या शतकात तर कळसच झाला. हिटलरच्या जर्मनीत १९३९ च्या मे महिन्यातील शिरगणतीत आजा-आजी यहुदी होते काय, हे घरोघर लिहून घेतले गेले. पुढे ऑशविट्झच्या छावणीत ज्यांना मजुरीसाठी जिवंत ठेवले, त्यांच्या हातावर आकडा गोंदला आणि नावाऐवजी त्या आकड्याने त्यांना पुकारले. ज्यांना थेट मरणाकडे नेले, त्यांना तर आकडाही दिला नाही. सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. यरुशलेमला १९५३ साली स्थापन झालेली याद वाशेम नावाची संस्था त्या मेलेल्यांची एकेक नावे गोळा करीत आली आहे. तिच्या नावाचा अर्थच 'स्मारक आणि नाव'. साठ लाख हा आकडा सर्वांना पाठ आहे. पण आकड्यातून माणूस परत काढायचा, तर त्याचे नाव शोधावे लागते. शत्रूने आचाऱ्याचे शिर उचलावे तसे उचलले. ही मंडळी मोशेने उचलले तसे ते पुन्हा उचलू पाहतात.

वाचकहो, तोराहमध्ये मोजण्यासाठी जो एक शब्द येतो, तो 'पकद' ह्या धातूचा. ह्या धातूचे अर्थ पाहण्यासारखे आहेत. मोजणे, कामावर नेमणे, एखाद्याची आठवण ठेवून त्याच्याकडे जाणे. म्हाताऱ्या सारेला मूल झाले तेव्हा देवाने तिची आठवण ठेवली, तेथेही हाच शब्द आहे. आणि ह्याच धातूचा आणखी एक अर्थ, उणा पडणे, जागा रिकामी असणे. म्हणजे खरी मोजणी ती, जिच्यात कोण नाही हे कळते. राशी म्हणतात, देवाला ही माणसे प्रिय म्हणून तो त्यांना पुनःपुन्हा मोजतो. कृपण पैसे मोजतो तेव्हा किती आहेत ते पाहतो. आई ताटे मांडताना मोजते तेव्हा कोण यायचे राहिले ते पाहते.

आमची एक चूक येथे सांगून टाकतो. एका सप्ताहात काल्याच्या दिवशी प्रसादाच्या पत्रावळी मोजण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आणि मोठा आकडा ध्वनिक्षेपकावरून जाहीर केला. टाळ्याही पडल्या. सगळे आटोपल्यावर मांडवामागे हात धुवायला गेलो, तर सकाळपासून भांडी घासणाऱ्या तीन बाया तेथे बसलेल्या. "जेवलात ना?" असे विचारले, तेव्हा एक जण म्हणाली, "भात संपला म्हनं." आमच्या आकड्यात त्या नव्हत्या. आम्ही पत्रावळी मोजल्या होत्या. माणसे मोजली नव्हती. त्या दिवशी दाविदाच्या काळजाला काय झाले असेल, ते थोडे कळले.

तेव्हा मोजावे की मोजू नये? आम्हांस वाटते, अवश्य मोजावे. पण मोजण्याआधी मनाला चार गोष्टी विचाराव्यात. ही माणसे माझी म्हणून मोजतो आहे, की माझ्या हवाली केलेली म्हणून? त्यांची नावे मला ठाऊक आहेत काय? मोजून झाल्यावर त्यांना वाटा मिळणार आहे, की मला मोठेपणा? आणि ह्या मोजणीत मी स्वतः अर्धा आहे, हे माझ्या ध्यानात आहे काय? चारांची उत्तरे नीट आली तर खुशाल मोजावे. नाही आली, तर आकडा कितीही मोठा असला तरी तो न सांगितलेला बरा.

आता पुढच्या वारीत कोणी वाटेत "किती माणूस?" असे विचारले, तर काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण रात्री बॅटरी घेऊन राहुटीतून फिरणाऱ्या त्या वडीलधाऱ्या माणसाला आडवे येऊ नये. तो मोजतो ते बरोबर मोजतो. आणि "एक कमी भरतोय" असे तो म्हणाला, की पांघरूण डोक्यावर न ओढता उठून शोधायला जावे.